वाजवून घेतलेला कॅमेरा

जालन्याच्या दुकानात आमच्या द्वारकानं कॅमेरा कानापाशी धरला आन् बोटाच्या पेरानं टकटक वाजवला. शेठ बघतच राह्यला. म्हणला, "मावशी, कॅमेरा हाय, टरबूज न्हाई."

आम्हा नवराबायकोची ती शेवटची खरेदी. त्याच रातीला ती झोपली ती उठलीच न्हाई. पण आधी तिची खोड सांगतो.

बाजारात मडकं सगळेच वाजवून घेत्यात. द्वारका सगळंच वाजवून घ्यायची. पत्रे, विटा, लोखंडी कपाट. जावई बघायला गेलो तर त्याच्या मोटारसायकलची टाकी वाजवली. लोखंडाच्या मिलच्या धुरानं माझी छाती गेली, तवा डॉक्टरनं पाठीवर बोटं वाजवून बघितली. जनमात तिचा एका डॉक्टरवर भरोसा बसला, तो हाच. वरून त्यालाच सांगायली, जरा खाली वाजवा, तिथं भद्द येतंय. मला तर कायम ऐकवायची, "सगळं वाजवून घेतलं, एक तुम्हालाच तसंच घेतलं."

विहारातल्या बाया जीप करून डोंगरातली लेणी बघायला निघाल्त्या. लेणी बघायची म्हंजी माझीच जुनी बोली. एमआयडीसीत मिलवर होतो तवा म्हणायचो, सुट्टी मिळाली की जाऊ. सुट्टी मिळाली तवर छाती गेल्ती. आता दोन पायऱ्या चढलो तरी दम लागतो. म्हून ती एकटी जाणार, असं ठरलं.

तिला मात्र कॅमेरा पाहिजे. मोबाईल चालंना. कापूस येचून येचून बोटं अशी खरबड झाल्ती, की मोबाईलला तिचं बोट लागलेलं कळायचंच न्हाई. म्हणली, खटका पाहिजे, दाबला की कळला पाहिजे. म्हतारपणी हा काय शौक, म्हून मी चिडलो बी. पण पैसे तिच्या खुरपणीचे. मी कोण बोलणार?

शेठनं चकाकणारा नवा माल काढला. तिनं हलवला तर आत खुळखुळलं. शेठ समजावून सांगायला लागला, फोटो हलू नये म्हून आतलं भिंग जरा मोकळं ठिवत्यात. नव्या मालात मोकळं कशाला, म्हणली, ठिवा बाजूला. दुसऱ्याची नळी बाहेर यायची. त्यात धूळ जाईल, म्हणली. तिसरा आमच्या पैशात बसंना. मंग शेठनं खालच्या फळीवरून एक वापरलेला, जाड, पिवळा कॅमेरा काढला. दगडावर पडला तरी चालतो, भिजला तरी चालतो, म्हणला.

"लेण्यात वटवाघळं असत्यात. वरून मुतलं तर?"

शेठनं कॅमेरा पाण्याच्या मगात बुडवला, पुसला आन् तिच्या हातात दिला. तिनं वाजवला. ठक्क. भरीव आवाज. तरी तिचं समाधान न्हाई. शेठचाच एक फोटो काढला आन् कॅमेरा माझ्या तोंडापुढं धरला.

"बिगर चष्म्याचं दिसतंय का तुम्हाला?"

म्हणलो, मी कुठं येऊन राह्यलो वर? मला काय करायचं?

"दिसतंय का, तेवढं सांगा."

दिसतंय म्हणलो. तवा घेतला. एसटीत मला खिडकी दिली, घरी येऊन पिठलं टाकलं आन् लौकर पडली.

बायांनी लेण्याला जाणं पुढं ढकललं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला आलेले लोक उठून गेले, तवा शेजारची शशिकला चहा घेऊन आली. द्वारकाला अक्का म्हणायची, मला दाजी. म्हणली, उद्या जीप जाणार हाय, अक्काचा कॅमेरा देता का? मंग म्हणली, "दाजी, अक्काला लेण्याची हौस न्हवती. गुडघे दुखायचे तिचे. म्हणायची, त्यांना डोंगर चढवत न्हाई, तर मीच डोंगर खाली घेऊन येते."

चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. कॅमेरा पेरानं वाजवून बघितला. ठक्क. मंग आपली छाती वाजवली. भद्द. मला न वाजवता तसंच घेतलं होतं तिनं.

विहारापाशी जीप उभी होती. शशिकला सरकली. कॅमेरा गळ्यात अडकवला आन् बसलो.