कोपरा फाडलेलं कार्ड

पोस्टकार्ड लिहावं तर मी. हे मी म्हणत नाही, गोडादऱ्याची सगळी वस्ती म्हणते. मी फक्त त्यांना अडवत नाही. सुरतेत लूमवर काम करणारी आमची खान्देशी मंडळी गल्लीभर पसरलेली, आणि गावी पत्र धाडायचं म्हटलं की सगळे माझ्या ओट्यावर. वर मधोमध ‘श्री’, मग तारीख, तारखेखाली दोन रेघा, मग असं टपोरं अक्षर की पोस्टमनसुद्धा वाटेत उभा राहून वाचून काढतो. आणि मुख्य म्हणजे मी कार्डाची जागा वाया घालवत नाही. मजकूर संपला आणि जागा उरली, तर तिथे काहीतरी कामाचं लिहितोच. एवढं मोठं कार्ड सरकारने काय कोरं ठेवायला दिलंय?

तर चौऱ्याण्णव सालच्या पितृपक्षात माझ्या डोक्यावर कावळा बसला.

दोष त्याचा नव्हता. उषाबाई म्हणून माझी लांबची मावशी आहे, तिच्याकडेच मी दोन्ही वेळ जेवतो. तिने आपल्या गेलेल्या नवऱ्याचं पान गच्चीवर ठेवलं होतं. पानावर उडदाचा वडा होता. कावळा काही येईना, म्हणून मी जरा वाकून वड्याची चौकशी करत होतो. तेवढ्यात तो आला आणि वडा सोडून थेट माझ्या टाळूवर उतरला.

“डोकावर कावळा बसना तुना!” उषाबाईने कपाळाला हात लावला. “आता काही खरं नाही. आजच्या आज घरी मरणाचं कार्ड टाक.”

तुमच्याकडे ही पद्धत नसेल म्हणून सांगतो. कावळा शिवला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं धरतात. मग आपणच घरच्यांना खोटं कळवायचं, की अमका गेला. घरचे रडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते परत जातं. मग लगेच दुसरा निरोप धाडायचा, की अमका ठणठणीत आहे, डोळे पुसा.

“मावशी, मी हे असलं काही मानत नाही,” मी म्हणालो.

“नको मानू. उद्यापासून जेवायचं दुसरीकडे बघ.”

मी मानलं.

घरी म्हणजे पारोळ्याजवळ आमच्या गावी. तिथे आई आणि बायको. नूतन शेतीच्या कामापुरती गेली होती, लग्नाला नुकती दोन वर्षं झालेली. तिला उगाच रडवायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय बातमी वाचून तिने बांगड्या फोडल्या तर? चैत्रात मीच भरून दिलेल्या, डझनभर हिरव्या. त्यावर मी डोकं चालवलं. पहिलं कार्ड आज, दुसरं उद्या. म्हणजे तिने एक दिवस रडून घ्यायचं आणि बांगड्यांना हात घालायच्या आत दुसरं कार्ड दारात. टपालाचा एवढा अभ्यास अख्ख्या सुरतेत कुणाचा नसेल.

उषाबाईला लिहिता येत नाही, तेव्हा तिच्या नावाने मीच लिहायला बसलो. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की चि. योगराज अल्पशा आजाराने आपल्याला सोडून गेला. फार गुणी मुलगा होता.’ लिहिता लिहिता मलाच गहिवरून आलं. रिवाजाप्रमाणे कार्डाचा एक कोपरा फाडला. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाचं, हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. मजकूर मात्र चार ओळींत संपला आणि खाली ही एवढी जागा उरली. माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. असो.

दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड लिहिलं, ‘कालचा मजकूर रद्द समजावा’, आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. टाकून वळतो न वळतो तोच गल्लीत ओरड झाली. शहरात प्लेग आला म्हणे.

पुढचे दोन दिवस काय सांगू. नाकाला रुमाल बांधून निम्मी सुरत स्टेशनाकडे निघाली. लूम बंद पडले. ज्यांना गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली नाही ते परत फिरले आणि माझ्या ओट्यावर आले. “योगराजभाऊ, घरी कळवा, आम्ही खुशाल आहोत.” मी नाही कसं म्हणणार? बसलो. चाळीस घरांची खुशाली लिहिली, एकेक कार्ड काठोकाठ भरून. मनात म्हटलं, आपलं काय, आपलं कार्ड तर कधीच रवाना झालं.

चाळीस कार्डं घेऊन पेटीपाशी गेलो, तर ती आत जाईनात. वाकून फटीतून बघितलं. पेटी गच्च भरली होती आणि सगळ्यात वर, दोन रेघांची तारीख अंगावर घेऊन, माझं रद्दचं कार्ड माझ्याकडे बघत पडलं होतं. परवापासून पेटी उघडायला कुणी आलंच नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिलं कार्ड गेलं. दुसरं गेलं नाही. तिकडे रेडिओवर रात्रंदिवस सुरतेचा प्लेग. आणि घरात उषाबाईच्या नावाचं कार्ड, अल्पशा आजाराने गेला म्हणून. अगदी तंतोतंत जुळत होतं हो.

मी बोटं घालून कार्ड ओढायला लागलो. “पेटी फोडता का काय, शेठ?” एक म्हातारा रुमालाआडून म्हणाला. मी हात काढून घेतला. तार करावी, तर आमच्या गावात तार आली की आधी रडतात आणि मग वाचतात. म्हणजे जिवंत असल्याची तारही मला मारूनच पोचली असती.

आमच्या गावचा आणि माझ्याच खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यात, काम करणारा उखा ट्रकने निघाला होता. त्याला मी ट्रकच्या फाळक्याला लटकून सांगितलं, “आधी माझ्या घरी जा. सांग, मी जिवंत आहे.”

“आहेस ना?” उखा म्हणाला. उखाला कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची सवय आहे.

उखावर भरवसा ठेवून गप्प बसणारा मी नव्हे. दुसऱ्या दिवशी उजाडताच ललितभाईच्या एसटीडी बूथवर जाऊन बसलो. गावात फोन एकच, सोसायटीच्या ऑफिसात. सकाळपासून नंबर फिरवतोय आणि एक बाई गोड आवाजात सांगतेय, की इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.

“लाइन ज नथी मळती, योगराजभाई,” ललितभाई म्हणाला. “घेर जाओ.”

“घरीच जायचंय हो, पण घरचे मला मेलेला समजतायत.”

ललितभाईने खुर्ची जरा मागे घेतली.

दुपारी लाइन लागली. फोन सोसायटीच्या शिपायाने, धुडकूआप्पाने उचलला.

“आप्पा, मी योगराज, सुरतहून—”

“सुरत?” आप्पाचा आवाज एकदम लांब गेला. रिसीव्हर हातभर दूर धरून बोलत असणार. “उखा आलाय तुमच्याकडचा. त्याला शाळेत कोंडलाय दहा दिवस. कुणी जवळ जात नाही.”

“त्याने माझा निरोप दिला का? माझ्या घरी काय चाललंय?”

“फोनवरून येत नाही ना रे ते?” आप्पाने विचारलं, आणि माझं उत्तर ऐकायची जोखीम न घेता फोन ठेवून दिला.

मी उठलो. उषाबाई नवऱ्याचं घर सोडून हलायला तयार नव्हती. तिने चार भाकरी बांधून दिल्या आणि वर मलाच सुनावलं, “दुसरं कार्ड वेळेवर टाकायचं होतं.” बारडोलीपर्यंत एका टेम्पोत उभ्याने गेलो, पुढे नवापूर, धुळे करत पारोळ्याला. सगळे प्लेगला घाबरत होते. मला प्लेगची आठवणही नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे नूतनचे मोकळे हात होते, आणि त्या चार ओळी मी माझ्या हाताने, एवढ्या सुबक अक्षरात लिहिल्या होत्या याची मला शरम वाटत होती.

गावाच्या वेशीवर पोलीस पाटलांनी काठी आडवी धरली. “तिथूनच शाळेकडे वळायचं. दहा दिवस.”

“पाटील, मी योगराज. मी मेलेलो नाही.”

“ते दिसतंय. शाळेकडे वळ.”

मला जरा लागलंच. मेलेला माणूस चालत आला तरी पाटलांनी नुसती काठी दाखवावी? शाळेच्या खिडकीत उखा बसला होता.

“निरोप दिलास का?” मी विचारलं.

“खिडकीतूनच ओरडून दिला. वहिनी विहिरीवर चालल्या होत्या.”

“मग? काय म्हणाली?”

“म्हणाल्या, माहितीये.”

“माहितीये म्हणजे काय?”

“म्हणजे काय?” उखा म्हणाला.

संध्याकाळी नूतन आली. कुंपणाच्या पलीकडे, पदर नाकाला लावून. मी आधी तिच्या हातांकडे बघितलं. बांगड्या होत्या. बारा, मी इथून मोजल्या. मी तिथेच खाली बसलो.

“कार्ड मिळालं नाही वाटतं,” मी म्हणालो.

“मिळालं की.” तिने कमरेचं कार्ड काढलं आणि लांबूनच वाचायला लागली. “वर श्री. मरणाच्या कार्डावर कुणी श्री घालतं का? तारखेखाली दोन रेघा. माणूस गेला म्हणता आणि चिरंजीवही म्हणता. आणि खाली,” ती थांबली. “ताजा कलम. येणाऱ्याबरोबर ज्वारीचे बिबडे पाठवणे, मागचे संपले.”

उखा खिडकीत खो-खो हसायला लागला.

“जागा उरली होती,” मी म्हणालो.

“आई म्हणाल्या, मेला तरी याचं खाणं सुटत नाही. कावळा शिवला असेल, उषामावशीचं काम आहे. हसून हसून त्यांना ठसका लागला. गावभर वाचून दाखवलं त्यांनी.”

“म्हणजे रडलं कुणीच नाही?”

“कार्डाला नाही रडलं.” तिने कार्ड परत कमरेला खोचलं. मग पदराआडून म्हणाली, “रेडिओवर सुरतेचं नाव आलं त्या दिवसापासून रोज रडतेय. दुसरं कार्ड येईना, फोन येईना. कार्ड खोटं होतं हो, पण रेडिओ तर खरा होता ना? माणसाने येऊन तरी तोंड दाखवावं.”

मी ‘आलो ना’ एवढंच म्हणालो. एरवी मी काठोकाठ भरतो. तिने कुंपणाखालून एक डबा सरकवला आणि डोळे पुसत गेली. डब्यात बिबडे होते.

दहा दिवस शाळेत काढले, पुढे चार घरी. सुरतेत लूम सुरू झाले तसा परत आलो. उषाबाईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ताट वाढता वाढता हात थांबवला.

“ते रडणं रेडिओचं झालं. ते धरत नाहीत. कार्ड वाचून रडू आलं पाहिजे. परत टाक.”

“मावशी, आता कोण रडणार आहे?”

“तुनं अक्षर ओळखलं म्हणून नाही रडली. या खेपेला दुसऱ्याकडून लिहून घे.” ताट काही पुढे सरकेना.

उखाला बसवलं. उखा लिहितो तेव्हा टाक कार्डाच्या मागच्या बाजूला निघतो, पण मी एकेक शब्द सांगून लिहून घेतलं. श्री नाही, रेघा नाहीत, चिरंजीव नाही. कोपरा मी फाडला. शाई वाळेपर्यंत कार्ड माझ्याजवळ होतं, तेवढंच.

आठ दिवसांनी नूतनचं उत्तर आलं. ‘कार्ड पोचले. अक्षर उखाभाऊजींचे आहे, ताजा कलम तुमचा आहे. बिबडे पाठवते.’

अडीच ओळी. खाली अख्खं कार्ड कोरं. एवढ्या जागेत किती मजकूर बसला असता हो.