जयवंतराव उपासनींची एकास आठ गाडी

वस्तूची वाट पाहणे ही वस्तू मिळण्यापेक्षा वरच्या दर्जाची अवस्था आहे, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. वस्तू मिळाली की ती पुसावी लागते, झाकावी लागते, शेजाऱ्याने मागितली तर तोंड वाकडं न करता द्यावी लागते. वाट पाहण्याला यातलं काही लागत नाही. आमच्या पिढीने टेलिफोनची, स्कूटरची आणि गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरची वाट पाहण्यात उमेदीची वर्षं सत्कारणी लावली. (प्रतीक्षा यादीतला माझा क्रमांक तीनशे बारा होता. टेलिफोन आल्यावर त्याला कोणता नंबर मिळाला, ते मात्र आता आठवत नाही.)

परंतु हे काम पद्धतशीरपणे, मोजमापासह करणारा एकच माणूस मी पाहिला. ते म्हणजे सिल्वासाला डोकमर्डीच्या आमच्या कॉलनीत समोरच्या घरात राहणारे जयवंतराव उपासनी. मूळचे नाशिकचे. मसाटच्या वसाहतीत थर्मासची झाकणं बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते गुणवत्ता नियंत्रण अधिकारी होते. पदाचं नाव भारदस्त असलं तरी काम सोपं होतं: झाकण हातात घ्यायचं, मापायचं आणि नापास करायचं. कामगार त्यांना मागे 'रिजेक्शनसाहेब' म्हणत. जयवंतरावांना हे ठाऊक होतं आणि ते त्यांना बढतीसारखं वाटे.

सन पंच्याऐंशीमध्ये त्या नव्या छोट्या मोटारीसाठी त्यांनी दोन अर्ज भरले, एक स्वतःच्या नावाने आणि एक पत्नी अनुराधाबाईंच्या नावाने. ज्याचा नंबर आधी लागेल त्याची गाडी, असा हिशेब. अनुराधाबाई वापीच्या शाळेत शिकवत. रोज सकाळी नाक्यावरून शेअर जीप धरायची, आणि दहा माणसांच्या जीपमध्ये सोळावं माणूस म्हणून बसायचं. जीप भरल्याशिवाय सुटत नसे आणि ती भरली आहे असं ड्रायव्हरला कधीच वाटत नसे. शाळेचा नियम असा की, महिन्यात तीन उशीर म्हणजे एक रजा. त्या वर्षी बाईंच्या साऱ्या रजा घरी एकही दिवस न राहता संपल्या.

गाडीला तीन वर्षं लागतील, असं पत्र आलं. जयवंतरावांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "तोवर आपण तयारीत असलं पाहिजे." तयारी म्हणजे त्याच गाडीची एकास आठ प्रमाणातली हुबेहूब प्रतिकृती.

त्यासाठी मापं हवी होती. कारखान्याच्या मालकांनी तशी गाडी मुंबईहून आधीच मिळवली होती. एका शनिवारी ती गेटपाशी उभी असताना जयवंतराव टेप घेऊन तिच्याखाली शिरले. रखवालदाराने फक्त दोन बूट पाहिले आणि शिट्टी वाजवली. खालून आवाज आला, "तपासणी चालू आहे." रखवालदाराने सलाम केला. अधिकृत शब्दाची ही ताकद आहे.

साहित्य घरातूनच गोळा झालं. त्याची नोंद माझ्याकडे आहे, कारण जयवंतरावांनी तिची कार्बन कॉपी मला दिली होती. (का दिली, हे मी विचारलं नाही. कॉपी मिळाली की विचारायचं नसतं.)

सांगाडा: प्लास्टिकच्या पत्र्याचा. चाकं: थर्मासची चार झाकणं, वरून सायकलची ट्यूब. (नापास झाकणं फुकट मिळत होती, पण नापास माल वापरणं तत्त्वात बसेना. सबब, पास झालेली.) स्टिअरिंग: मुलगी तन्वी हिची बारशातली बांगडी. वायपर: अनुराधाबाईंच्या केसांचे आकडे, खर्ची पडलेले एकोणीस, पैकी पसंत दोन. सीटची गादी: एक ब्लाउजपीस, जो बाईंना अजून शिवायचा होता. पुढची काच: सासूबाईंच्या छातीचा एक्स-रे, ब्लीचिंग पावडरने धुऊन. एक्स-रे धुतल्यावर फिकट निळा राहतो, त्यामुळे काच फार उमदी दिसे. फक्त उजव्या कोपऱ्यात नीट पाहिलं तर एक बरगडी होती.

हुबेहूब करता करता जयवंतरावांच्या लक्षात आलं की, मूळ गाडीत सुधारणेला वाव आहे. दारांच्या फटी सारख्या नव्हत्या, त्या त्यांनी सारख्या केल्या. तन्वीला वर आभाळ दिसायला हवं होतं, म्हणून टपाला सरकती खिडकी झाली. मग त्यांनी पत्नीला विचारलं, "तुझी काही सूचना?"

अनुराधाबाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाय पोचले पाहिजेत."

"कुणाचे?"

"माझे. पेडलला."

जयवंतराव उठले. मग त्यांनी टेप आणून बाईंना खुर्चीवर बसवलं, कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं, त्याला आठने भागलं आणि ड्रायव्हरची सीट तेवढी पुढे घेतली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याने आपलं माप घेण्याची ही पहिलीच वेळ, असं बाईंनी नंतर माझ्या पत्नीला सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या, आणि मग हसत नव्हत्या.

त्याच आठवड्यात बाईंनी शिकाऊ परवाना काढला. कारखान्याचा टेम्पो चालवणारा झुंबर शहाद्याकडचा, भला माणूस. रविवारी मसाटचे रस्ते रिकामे असत, तेव्हा तो त्यांना टेम्पोवर शिकवू लागला. यात चोरी काहीच नव्हती. बाईंनी दारात उभं राहून स्पष्ट सांगितलं होतं, "अहो, मी झुंबरकडे गाडी शिकायला जातेय."

जयवंतराव तेव्हा बंपरला पॉलिश पेपर मारत होते. "बरं," ते म्हणाले, "दार ओढून घे, धूळ येते."

मसाटला झुंबर म्हणे, "बाई, क्लच धीरे धीरे सोडा. गाडीले कळू द्या, आपन निघनार. एकदम सोडशाल त घाबरी जाते बिचारी." पहिल्या महिन्यात टेम्पो बावीस वेळा घाबरला. तिसऱ्या महिन्यात बाई तो राखोलीच्या पुलापर्यंत नेऊन परत आणू लागल्या.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत जयवंतरावांचा नंबर लागला. सुरतेच्या शोरूमला तिघंही गेले. तन्वीच्या हातात झेंडूचा हार, अनुराधाबाईंच्या पिशवीत नारळ, आणि जयवंतरावांच्या मांडीवर खोक्यात ती प्रतिकृती. शोरूममध्ये त्यांनी ती खऱ्या गाडीच्या टपावर ठेवली, कारखान्यातला मापायचा व्हर्नियर काढला आणि तपासणी सुरू केली. ती एक तास चाळीस मिनिटं चालली. मागे रांगेत आठ माणसं होती. दोष सतरा निघाले. डावं दार दोन मिलिमीटर खाली. काच निळी नाही. टपाला खिडकी नाही. सीट मापाप्रमाणे नाही.

शोरूमचे गुजराती मॅनेजर सौजन्याने म्हणाले, "साहेब, आ तो मॉडल छे. गाडी ये है."

"तेच म्हणतोय मी," जयवंतराव म्हणाले. "गाडी मॉडेलप्रमाणे नाहीये."

आणि त्यांनी डिलिव्हरीच्या कागदावर ज्या जागी सही करायची, तिथे तिरक्या अक्षरात लिहिलं: नापास. रांगेतल्या पुढच्या गृहस्थांनी सतराच्या सतरा दोषांसह ती गाडी चार मिनिटांत ताब्यात घेतली, आणि वर जयवंतरावांशी हस्तांदोलनही केलं.

परत येताना बसमध्ये खोकं पुन्हा जयवंतरावांच्या मांडीवर होतं. वापी आल्यावर तन्वीने विचारलं, "आई, हाराचं काय करायचं?" घरी येऊन तिने तो प्रतिकृतीला घातला. हार मोठा असल्यामुळे प्रतिकृती दिसेनाशी झाली. अनुराधाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नारळ एका घावात फोडला. तो आवाज आमच्या घरापर्यंत आला.

कॉलनीत मात्र जयवंतरावांचा बोलबाला झाला. गाडी घेणारे पुष्कळ असतात, परत पाठवणारा एकच. इंजिनियर मंडळी दर रविवारी प्रतिकृती पाहायला जमू लागली. सात महिन्यांत दोनशे चाळीस माणसांनी ती पाहिली. पैकी दोनशे एकोणचाळीस जणांनी "वा!" म्हटलं, आणि झुंबर म्हणाला, "साहेब, झकास शे. पन बसाचं कुठं?" झुंबरचं शिक्षण कमी होतं. मी स्वतः तिथे छोटंसं भाषणही केलं. "आपण तडजोडीच्या काळात जगतो आहोत," असं त्याचं पहिलं वाक्य होतं. अनुराधाबाईंनी मला त्या दिवशी चहा दिला नाही. नजरचुकीने झालं असेल.

ऑक्टोबरात दुसरं पत्र आलं, अनुराधाबाईंच्या नावाचं. जयवंतराव व्हर्नियरला तेल लावू लागले. बाई म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. अर्ज माझा आहे, सहीही माझीच लागते."

"पण तपासणी?"

"घरी करा. सावकाश."

शनिवारी त्या झुंबरला घेऊन सुरतेला गेल्या. वापीपर्यंत त्याने चालवली. वापीच्या नाक्यावर तो उतरून शेजारी जाऊन बसला, आणि तिथून घरापर्यंत बाईंनी आणली. संध्याकाळी पाच वाजता गाडी कॉलनीत शिरली तेव्हा आम्ही सगळे बाहेर आलो. बाईंच्या पाठीशी घडी केलेली चादर होती, कारण पाय पोचत नव्हते. झुंबर उतरला आणि म्हणाला, "कोठेबी बंद पडली नई, साहेब. एकदाबी नई." आणि जणू गाडी त्यानेच बनवली असावी, तसा तो लाजला.

जयवंतरावांनी तपासणीला प्रारंभ केला. अनुराधाबाई स्टिअरिंगमागे बसूनच राहिल्या आणि पर्समधून सहामाहीचे पेपर काढून तपासू लागल्या. असा अर्धा तास गेला. तो बाहेरून टिचक्या मारत होता, ती आत खुणा करत होती... नवरा-बायको दोघंही आपापलं काम करत होते, असं म्हणणं अधिक योग्य होईल.

"डावं दार दोन मिलिमीटर खाली आहे," जयवंतराव म्हणाले.

"हो."

"याही गाडीचं."

"हो ना."

"काच निळी नाही."

"ती निळी माझ्या आईची होती," बाई म्हणाल्या. "बसा आता."

"अनु, त्रेचाळीस दोष आहेत. ही गाडी नापास आहे."

अनुराधाबाईंनी पेपरांची घडी केली. "नापास मुलांनाही मी वर्गात बसवतेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसताय, की तन्वीला पुढे घेऊ?"

जयवंतराव घरात गेले. आम्हाला वाटलं, झालं. पण ते प्रतिकृती घेऊन बाहेर आले आणि ती मांडीवर ठेवून पुढच्या सीटवर बसले. तन्वी मागे बसली. गाडी निघाली.

पुढचं मला तन्वीने सांगितलं. राखोलीच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. पहिल्याच खड्ड्यात प्रतिकृतीचा एक वायपर उडाला आणि सीटखाली गेला. दुसऱ्या खड्ड्यात टपाची खिडकी निखळली. अनुराधाबाईंनी गाडी कडेला घेतली. "शोधू या का?" त्यांनी विचारलं, आणि मनापासून विचारलं. तीन वर्षांची मेहनत होती, आणि ती त्यांनी रोज पाहिली होती.

जयवंतरावांनी निखळलेली खिडकी खिशात घातली. मग त्यांनी प्रतिकृती मागे तन्वीकडे दिली, आपल्या सीटला मानेमागे लावलेली छोटी उशी काढली आणि बाईंच्या पाठीमागे चादरीच्या वर बसवली. "आता पोचतात?" त्यांनी विचारलं.

"पोचतात."

"मग चल. पुलापर्यंत जाऊ."

ते पुलापर्यंत गेले आणि पुलापुढेही गेले. दमणगंगेला पाणी भरपूर होतं. अंधार पडायच्या आत परत आले. सोमवारी अनुराधाबाई वापीच्या शाळेत घंटेच्या वीस मिनिटं आधी पोचल्या. फाटक उघडलेलं नव्हतं.

आज या गोष्टीला आठ वर्षं झाली. दोष नोंदवही जयवंतरावांनी चालूच ठेवली आहे. दोन्ही गाड्यांची तुलनात्मक स्थिती अशी: मोठी गाडी, दोष सहाशे बारा, धाव ब्याण्णव हजार किलोमीटर. लहान गाडी, दोष शून्य (वायपर नवा बसवला), धाव दहा किलोमीटर, तीही मांडीवर (सुरतेची बस धरलेली नाही). झुंबर आता स्वतःची जीप चालवतो आणि दहा माणसं झाली की सोडतो. लोक त्याला वेडा म्हणतात.

वाचक म्हणतील, असतात बुवा एकेक विक्षिप्त माणसं. असतात. तरी मी कुणाचं नाव घेत नाही. पण आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात चोवीस नगांचा जो जेवणाचा सेट आहे, सोनेरी किनारीचा, तो कोणत्या पाहुण्यांसाठी ठेवला आहे, एवढं सांगावं. मी आपल्याकडे तीनदा जेवून गेलो आहे. तिन्ही वेळा स्टीलच्या ताटात.