सोयराबाईंचं मौन आणि पाठीतली तार

"किती दुखतंय ते पेशंटनंच सांगायचं. घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही," असं डॉक्टर काव्यांनी बजावलं होतं. ते आठवून अप्पासाहेबांना घाम फुटला. त्यांचाच फोन वाजत होता, आणि आज सोमवार. बायकोचं, सोयराबाईंचं, महादेवासाठी दिवेलागणीपर्यंत मौन.

सोयराबाईंचा घोटा मुरगळल्याचं निमित्त झालं आणि पायाची नसच बिथरली. साडीचा काठ लागला तरी आग व्हायची. आता पाठीच्या कण्याजवळ बारीक तारा घालून, कमरेला यंत्र बांधून नवा उपाय चालला होता. गुण आला तर यंत्र कायमचं, नाहीतर तारा काढायच्या.

"अक्का, आज कसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती बोलत नाहीये," अप्पासाहेब म्हणाले. "सकाळपासून."

"अय्यो! चेहरा दाखवा."

व्हिडिओत सोयराबाई देवापुढे अनवाणी उभ्या. डोळ्यांतून धारा. गार फरशी कित्येक महिन्यांनी पायाला गोड लागली होती. डॉक्टरांना मात्र वाचा गेलेली बाई दिसली.

"गाडी पाठवते!" फोन बंद.

शेजारच्या सुनंदाबाई अंगारा घेऊन धावल्या. "यंत्रानं जीभ ओढली गं बाई!"

दवाखान्यात अप्पासाहेबांनी सगळा उलगडा केला.

"मौन कळलं, अण्णा," डॉक्टर अप्पासाहेबांना म्हणाल्या. "पण जीभ नीट वळते का ते मला ऐकायला हवं. नाहीतर तारा काढाव्या लागतील."

सोयराबाईंनी यंत्र घट्ट धरलं. ओठही.

"अगं, एक शब्द! महादेव काय नोटीस काढणार आहे?"

मान ठाम हलली. नाही.

"बरं. आजाऱ्याचं व्रत घरच्यानं पुरं केलेलं चालतं ना? तुझ्या तापात माझ्याकडून एकादशी करवलीस की! उरलेलं मौन मी पाळतो. शब्द दिला."

झोपेतही बडबडणाऱ्या नवऱ्याकडे सोयराबाईंनी संशयानं पाहिलं. मग पाण्याची बाटली पुढे केली. अप्पासाहेबांनी तळहातावरून संकल्पाचं पाणी सोडलं.

"दुखणं दहात दोन," सोयराबाई मृदू आवाजात म्हणाल्या. "फार बरं आहे हो. यांच्या हाती फोन द्यायलाच नको होता."

अप्पासाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं.

"सरी, ठीक! तारा राहू देत," डॉक्टर हसल्या. "खूश ना, अण्णा?"

अप्पासाहेबांनी जोरजोरात मान डोलावली.

"अण्णा? अय्यो, आता यांना काय झालं?"

"काही नाही, ते पाळतायत," सोयराबाई म्हणाल्या. "अहो, ऑटो बघता ना? मीटरनं येईल असाच आणा."

दिवेलागणीला बराच अवकाश होता. अप्पासाहेबांनी चष्मा सारखा केला, ओठ मिटले आणि बेंगळुरूच्या ऑटोवाल्यांशी बोलणी करायला एकटेच बाहेर पडले.