काळ्या ठोकळ्यातली भोकं

या, असे जवळ सरकून बसा. देवाच्या कृपेने आज घसा बरा आहे, तेवढ्यात एका महान गुप्तहेराची कथा सांगून टाकतो.

महान हे त्यांचं, म्हणजे आपल्या मामांचं, स्वतःचं मत. मामा म्हणत, "गरुडाला दिसत नाही ते मला दिसतं. मला दिसत नाही ते नसतंच." पुरावा म्हणून भिंग पुढे धरत. भिंग मात्र खरोखर लखलखीत होतं. त्यांची पिशवी धरायला बहिणीचे यजमान, म्हणजे आपले दाजी. पण त्या दिवशी दाजी मामांबरोबर आले होते ते पिशवीसाठी नव्हे, आपल्या लेकीसाठी.

लेक सिमेंटच्या प्रयोगशाळेत कामाला, दोघे तिथेच आले होते. ग्राफीन नावाची अतिसूक्ष्म काळी पूड पाण्यात घालायची, ते पाणी एका थरथरणाऱ्या टाकीत ओतून कण सुटे करायचे आणि त्यात सिमेंट कालवायचं. ठोकळा जास्त मजबूत व्हायला हवा. पण दोन खेपा झाल्या, दाबयंत्राखाली काळाच आधी फुटायचा. साधा, बिनपुडीचा, आपला उभा. तिसऱ्यांदा तेच झालं तर साहेब काम बंद करणार होते.

मामांनी फुटका ठोकळा न्याहाळला. आत बारीक बारीक भोकं.

"सुईची आहेत. गुन्हेगार शिंपी आहे."

"मामा, इथे शिंपी कुठला येतोय?" लेकीने विचारलं.

"तेच तर संशयास्पद आहे. नाहीतर मग वाळवी."

"सिमेंटला?"

"उपाशी असेल."

शेवटी मामांनी डोळे मिटले. "गुन्हेगार घरचाच आहे. त्याची इथे मोकळी ये-जा आहे. आणि तो फार स्वच्छ राहतो. दाजी, हात दाखवा."

दाजींनी हात दाखवले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले, "अहो मामा, तुमचं भिंग एवढं चकचकीत कसं राहतं हो? माझ्या काचेवरची ही धूळ काही निघत नाही."

मामा खुलले. "गुपित आहे. हिची ती थरथरती टाकी. हिला भेटायला आलो आणि ही चहाला गेली, की थोडं साबणाचं पाणी ओतून भिंग बुडवतो."

लेक हळूच स्टुलावर बसली. "आणि नंतर टाकी धुता?"

"साबणच असतो की तिच्यात. आणखी काय धुवायचं?"

"मामा, त्या साबणाचा फेस झाला. फेसाचे बुडबुडे सिमेंटात अडकले, त्यांची ही भोकं. साध्या ठोकळ्याला नळाचं पाणी होतं, म्हणून तो वाचला."

मामांनी भिंग हळूच खिशात घातलं.

"म्हणजे घरचाच निघाला," मामा म्हणाले. "माझा अंदाज चुकत नाही."

टाकी दाजींनी स्वतः खळखळून धुतली. तिसऱ्या खेपेला यंत्राचा काटा पुढे सरकत राहिला, साधा ठोकळा कधीच फुटला होता, काळा हूं की चूं करेना. लेकीचं काम चालू राहिलं.

तर मंडळी, संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या दाजींची आठवण असू द्या. हल्ली ते घरून निघतानाच मामांचं भिंग आपल्या रुमालाने पुसून देतात, आणि पिशवीतला साबण गुपचूप काढून ठेवतात.