काल्याच्या कीर्तनात परदेशी खेळाडू

"यंदा काल्याच्या कीर्तनाले गादीवर मी उभा राहीन!" सप्ताहाच्या बैठकीत शालिग्रामकाकांनी छातीवर अशी थाप मारली की त्यांना स्वतःलाच ठसका लागला.

"अन् ऋषिकेश?" कोणीतरी विचारलं.

"त्याले जागा नाई. तो बाहेरच्या क्लबात खेळते!"

कीर्तनात कुठला क्लब? आता सांगायला हवं, मंडळी. कीर्तन म्हणजे काकांचा जीव की प्राण. शिरपूरला असो की वाशीमला, काका सगळ्यांत पुढे, डोळे मिटलेले आणि मान अशी डोलतेय जणू स्प्रिंगवर बसवली आहे! जन्मभर ऐकलं. आता एकदा, फक्त एकदा, फेटा बांधून त्या गादीवर उभं राहायचं होतं. आडवा येत होता सख्खा पुतण्या. ऋषिकेश आळंदीला शिकलेला; नगरकडे त्याच्या कीर्तनाला मांडव पुरत नाही. पोरगा गुणी, काकांचा लाडका. पण काल्याला तो गावी आला की गादी त्याची आणि काकांच्या हाती टाळ!

तोडगा सापडला वहाबभाई टेलरच्या दुकानात. काकांचे हे बालमित्र पायानं मशीन चालवत होते आणि डोळ्यांनी मोबाइलवर फुटबॉल खेळत होते. त्या दिवशीच्या ब्लाउजाची एक बाही गुडघ्यापर्यंत आली होती म्हणतात.

"काय पाहून राह्यला, वहाबभाई?"

"आफ्रिकेतल्या देशाईची स्पर्धा. केनिया, युगांडा, मादागास्कर. पन इची गंमत अशी, शालिग्रामभाऊ, खेळाडू त्या देशाचाच पायजे, अन् खेळतही आपल्याच देशातल्या क्लबात असला पायजे. बाहेर जाऊन नाव कमावनारा कितीबी मोठा असो, त्याले एन्ट्री नाई!"

काकांचा चहा बशीतच हिंदकळला. "कितीबी मोठा?"

"कितीबी!"

"सख्खा पुतन्या असला तरी?"

"आँ?" वहाबभाईंची सुई थांबली. पण काका दुकानाची पायरी उतरून गेलेसुद्धा!

असा तो नियम गावात आला. सप्ताहाच्या कामाला माणूस गावचाच पाहिजे, अन् राहतही गावातच असला पाहिजे! बैठकीनं माना डोलावल्या. आफ्रिकेहून आलेल्या नियमाला नाही कोण म्हणणार?

काल्याचा दिवस उजाडला. मांडवात दह्याची हंडी बांधली. कीर्तन झाल्याशिवाय हंडी फुटत नाही, आणि हंडी फुटल्याशिवाय पंगत बसत नाही. ऋषिकेश सकाळच्या एस्टीनं आला, नियम ऐकला, हसला आणि काकांच्या पाया पडला. "तुमी करा काका, मी खाली बसून ऐकतो."

काकांना जरा चुटपुट लागली. पण फेटा इतका घट्ट बांधला होता की ती वर डोक्यापर्यंत पोचलीच नाही!

आणि मृदंगावर रामधनची थाप पडणार, इतक्यात एक म्हातारबा खाकरले. "थांबा! रामधन त घरजवाई हाये. राह्यते गावात, पन गावचा कुठी?"

रामधननं मृदंग खाली ठेवला. "बारा वर्सं तुमच्या गावच्या म्हशी धुतल्या, अन् मी अजून परदेशी?" त्यानं मृदंगाला खोळ घातली आणि तो बायकोवरच रुसून बसला. बिचारीचा काय दोष!

ही बातमी स्वयंपाकाच्या चुलाणापर्यंत पोचली, आणि पदर खोचून चतुराबाई मांडवात आल्या. चतुराबाई म्हणजे काकू. मागे पिठाच्या हातांनी गावातल्या झाडून साऱ्या सुना!

"अवं, नियम सगळ्याईले सारखाच ना?"

"म्हंजे काय! सारखाच!" काका फेट्याच्या रुबाबात म्हणाले.

"मंग आमी साऱ्या बाहेरगावच्या. पंगतीच्या बट्ट्या तुमी थापा. गावच्या लेकी हायेत, पन त्या आता सासरच्या क्लबात खेळतेत!"

साऱ्या सुना हात झटकून ओळीनं बसल्या. चुलाणावर वरण एकटंच रटरटत राहिलं. दोन गडी बट्ट्या थापायला गेले. त्यांनी थापलेल्या बट्टीनं क्रिकेट खेळता आलं असतं!

"चतुरा, चारचौघात असं कायले करून राह्यली?" काका कळवळले. "माही जिंदगीची हौस हाये व!"

"हौस हाये त पुतन्याले सांगा सरळ. त्याचा पत्ता कापाले आफ्रिका कायले पायजे? अन् तुमी कुठचे? पयलं बाळंतपन मायच्या माहेरी! तुमी घरात थोरले. जन्मले मालेगावले!"

काकांचा फेटा एकदम सैल झाला. मग काय, मांडवभर हलकल्लोळ! "मी थोरला, मी रिसोडचा!" "माहं आजोळ मंगरूळपीर!" एकजण ऐटीत उठला, "मी धाकटा, मी इथंच जन्मलो!" त्याला बायकोनंच खाली बसवलं, "अन् नोकरीले रोज वाशीमले कोन जाते?"

शोधता शोधता अख्ख्या मांडवात एकही गावचा निघेना! शेवटी कोणाला तरी आठवलं, वहाबभाईंच्या आईचं माहेर त्यांच्या मागच्याच गल्लीत. जन्म गावात, आजोळ गावात, दुकान गावात! चार जणांनी त्यांना गळ्यातल्या टेपसकट उचलून आणलं.

"नियमात बसनारा गावात तू एकटाच, वहाब!"

"म्हंजे कीर्तन मी करू?" वहाबभाई घाबरले. मग सगळा प्रकार ऐकून ते काकांकडे वळले. "काय हो शालिग्रामभाऊ! तिकडं कितीक टीमा हायेत, म्हनून नियम. इथं सारी एकच टीम, अन् तिच्यातूनच मानसं काढून राह्यले? घ्या सगळ्याईले आत. अन् लवकर घ्या, मले भूक लागली!"

काकांनी फेटा काढला आणि ऋषिकेशसमोर धरला. "पोरा, मले फक्त एकदा..."

"एवढंच ना? आधी काऊन नाई सांगतलं, काका?" ऋषिकेशनं तोच फेटा त्यांच्या डोक्यावर नीट बांधून दिला. "तुमी सुरू करा. अटकले त मांगं मी हायेच."

रामधनची खोळ निघाली, चुलाणावर बांगड्या वाजल्या. काका गादीवर उभे राहिले. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, देवानं कोणाची कुठली ते विचारलं नाही, इथवर ते पोचले आणि ढसाढसा रडू लागले. पुढचं कीर्तन ऋषिकेशनं उचललं, आणि काय रंगलं म्हणता! काका शेजारी टाळ वाजवत, आसवं गाळत, असे नाचले की मांडवाचा एक खांब हलला.

पंगतीत चतुराबाईंनी साऱ्या गावाला वाढलं आणि शेवटी काकांच्या पानापुढे येऊन तुपाची वाटी कलती केली.

"घ्या पावनं, लाजू नोका. मालेगावले गेल्यावर नावं ठेवसान आमाले!"