सेवाखंडाच्या दिवशी

जगात कायमचं असं काहीच नसतं, हे ज्ञानी लोक सांगून गेले. ते अमलात आणलं मात्र आरोग्य खात्याने.

तिथल्या कंत्राटी नर्सला दर अकरा महिन्यांनी एका दिवसापुरतं कामावरून कमी करतात. याला सेवाखंड म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती नवी कोरी म्हणून रुजू होते. मोठ्यांच्या वॉर्डातल्या अक्का अशा चौदा वेळा नव्या झाल्या होत्या. (जन्ममरणाच्या फेऱ्यातही इतकी सोय नाही.)

यंदा नर्सना कायम करावं का, हे ठरवायला समिती नेमली. डॉक्टर सात, हिशेबनीस चार, भिंतींच्या रंगाचे तज्ज्ञ एक, जनता एक आणि, आठवण झाल्यावर, नर्सही एक. नाव अक्कांचं लागलं. कायम झाल्या तर त्यांना आजारी पडायची परवानगी मिळणार होती. दोन्ही गुडघे कधीचे रांगेत उभे होते.

बैठकीपायी वॉर्डाचा खोळंबा नको, म्हणून खात्याने आपुलकीने अक्कांच्या सेवाखंडाचाच दिवस निवडला.

दारात कारकून आडवा आला.

"सिस्टर, आज तुम्ही सिस्टर नाही."

"मग सिस्टर कशाला म्हणतोस रे मेल्या?"

"सवय हो! पण नर्सच्या खुर्चीत नर्सच बसणार. नियम आहे."

"म्हणजे घरी जाऊ?"

"छे छे! जनतेची खुर्ची मोकळी आहे की. आज तुम्ही जनता."

अक्का जनता होऊन बसल्या. म्हणाल्या, "तीस खाटांमागे एक नर्स, आणि तीही उद्या असेल की नाही, कुणास ठाऊक. कायम करा त्यांना."

बाकं वाजली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "जनतेला नर्सची केवढी कणव!" मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून त्यांनी आदराने विचारलं, "नर्सचं काही म्हणणं?"

"अहो, मी इथे..." अक्का उठल्या.

"जनतेने मध्ये बोलू नये."

खुर्चीला तीनदा विचारलं. (लोकशाही आहे.) खुर्ची बोलली नाही.

इतिवृत्त : नर्सची काही तक्रार नाही. सबब कायम करण्याचं कारण उरत नाही. एकमताने मंजूर. चहा झाला.

राहता राहिली जनतेची खुर्ची. ती तुमची होती. 'जनतेने अवश्य यावे' ही पाटी केसपेपरच्या खिडकीवरच लावली होती. तुम्ही तिच्याखाली रांगेत उभं राहून, हल्लीच्या नर्स किती उर्मट असतात, ते पुढच्याला सांगत होतात.

तुमचं इंजेक्शन उद्या अक्काच देणार आहेत. बाही वर करून ठेवा.