पुरस्कारप्राप्त खोकला

आमच्या गावचे डोमाजीकाका खोकले, की खोकून झाल्यावर क्षणभर थांबतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहतात. टाळ्या वाजवाव्यात असं त्यांचं म्हणणं नाही. पण ओळख पटली की नाही, एवढं त्यांना बघायचं असतं. पटली नसेल तर ते स्वतःच सांगतात, "अवार्डवाला हाय हा." नवखा माणूस गोंधळतो. एकदा साकोलीहून आलेल्या एका विमा एजंटाने काळजीने त्यांना छातीच्या डॉक्टरचा पत्ता दिला, तर काकांनी त्याच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या खोकल्याला खरोखरच सिनेमाचा पुरस्कार मिळाला होता. निदान तसं ते समजत होते आणि अर्धं गावही समजत होतं. उरलेलं अर्धं गाव काय समजत होतं, ते पुढे येईलच.

माझं लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. गाव तिथून सात किलोमीटर. गावाला मोठा मालगुजारी तलाव आणि त्याच्या पाण्यावर सगळ्यांचे धान. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडायचं आणि बंद करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या काकांच्या घराकडे. सहा वर्षांपूर्वी धानाची कापणी आटोपल्यावर पुण्याकडचे सिनेमावाले आले आणि आठ दिवस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तळ ठोकून राहिले. त्यांच्यात एक मुलगी होती. तिच्या हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला माइकचं केसाळ बोंडुक. ती ना कोणाशी बोलायची ना हसायची, कानांना हेडफोन लावून नुसती ऐकत उभी राहायची. बायांनी ठरवून टाकलं की पोरीवर कोणीतरी करणी केली आहे.

पुढच्या वर्षी त्या सिनेमाला पुरस्कार मिळाला. नट, नटी, दिग्दर्शन, संगीत, सगळीकडे त्याचं नामांकन होतं आणि सगळीकडे तो आपटला. मिळाला तो एकच, ध्वनीचा. सिनेमात एक पोरगा पोटापाण्यासाठी गाव सोडून निघतो. आई काही बोलत नाही, कोणीच काही बोलत नाही. धुक्यात तलाव तेवढा दिसतो आणि पलीकडून कोणीतरी खोकतं. आधी एक लहान, मग एक मोठा. पोरगा मागे वळून पाहतो. पेपरांतून त्या खोकल्याचं फार कौतुक झालं.

काकांनी माझ्याकडून त्या वर्षीच्या पुरस्कारांची सगळी यादी काढून घेतली. प्रत्येक विभागातले नामांकनवाले आणि शेवटी विजेता. ध्वनीखाली त्या काठीवाल्या मुलीचं नाव होतं, ते काकांना मान्य होतं. तिने काठी धरली, खोकलो आपण, असा त्यांचा हिशेब. महिनाभरात त्यांनी यादी तोंडपाठ केली. चौथीनंतर त्यांनी काही पाठ केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

मग सुरू झाली 'बॅच'. त्या यादीतले सगळे लोक काकांच्या बॅचचे. त्यांतल्या एका नटीचं लग्न झाल्याचं वाचून त्यांनी स्टँडवर पेढे वाटले. ती हरली होती, तरी वाटले. संगीतात हरलेला एक गृहस्थ दवाखान्यात आहे असं कळलं, तेव्हा मारुतीला नारळ फोडला. सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार 'आजीवाल्या पिक्चर'मधल्या आजीला मिळायला हवा होता, यावर ते कोणाशीही भांडायला तयार. तो पिक्चर त्यांनी पाहिला होता का? नव्हता. "बॅचच्या मानसाले पाहा लागते का?" असं ते मला म्हणाले. पुढच्या वर्षीचे पुरस्कार जाहीर झाले तेव्हा मी हौसेने नवी यादी काढून ठेवली, तर तिच्यात आपलं कोणी नाही म्हणून काकांनी तिला हातही लावला नाही.

सगळ्या जगाचेच त्यांनी दोन भाग केले, नामिनेशनवाले आणि अवार्डवाले. सरपंचपदाला पडलेल्या उमेदवाराच्या घरी जाऊन ते सांगून आले, की नामिनेशन झालं हेही कमी नाही. पुतण्याला मुलीकडून नकार आला तेव्हाही हेच समाधान केलं. पुतण्याचा बाप महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

आता उरलेल्या अर्ध्या गावाविषयी. काकांचा लहानपणापासूनचा जोडीदार म्हणजे मोतीरामकाका. दोघांचे धान तलावाखाली लागून, आणि दोघं रोज पहाटे पाळीवर दात घासत बसणार. मोतीरामकाका बोलणार आणि डोमाकाका ऐकणार, ही साठ वर्षांची वाटणी. डोमाकाका इतरत्र एवढे का बोलतात याचं कारण मला तरी हेच वाटतं. पाळीवर त्यांची पाळीच येत नसे.

सिनेमा शाळेतल्या टीव्हीवर एका रविवारी दुपारी सगळ्या गावाने पाहिला. तो खोकला आला आणि डोमाकाका उभे राहून म्हणाले, हा मी. मागच्या बाकावरून मोतीरामकाका म्हणाले, "बस खाली. तो मी."

झालं. साठ वर्षांचं मैत्र एका खोकल्यावर मोडलं. मोतीरामकाकांची बाजूही कच्ची नव्हती. त्या आठवड्यात त्यांना सर्दी होती आणि काकूंनी अडुळशाचा काढा करून दिल्याचं शेजारणींनी पाहिलं होतं. डोमाकाका म्हणत, सर्दीचा खोकला वेगळा आणि मनाचा वेगळा. ऐकून ठरवावं म्हटलं तर दोघांचा खोकला हुबेहूब एक, आधी लहान, मग मोठा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या; वाण नाही पण गुण लागला, तसा इथे खोकला लागला होता. गावात दोन पक्ष पडले. दोन्ही पक्षांना झेरॉक्स माझ्याकडेच काढायची असल्याने मी कोणालाच ताकास तूर लागू दिली नाही.

दोघंही पाळीवर येत राहिले, पण एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. एक खोकला की दुसरा खोकून उत्तर द्यायचा. चार वर्षं हे चाललं. लोकांना हसू येई, मलाही येई.

गेल्या वर्षी मोतीरामकाकांच्या घशात गाठ निघाली. तंबाखूच्या खर्‍याने घात केला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. ते घरी आले ते गळ्याला रुमाल बांधून. काही सांगायचं तर पाटीवर लिहून. खोकला येई, पण त्याला आवाज नसे, नुसती हवा. सगळं गाव भेटून आलं. डोमाकाका गेले नाहीत. लोक नाही नाही ते बोलले आणि खरं सांगतो, मीही बोललो.

महिन्याभराने ते दुकानात आले. त्या काठीवाल्या मुलीला पत्र लिहायचं म्हणाले. तिच्याकडे त्या दिवशीचं मूळचं सगळं असेल, त्यावरून खोकला कोणाचा ते ठरेल. "निकाल पायजे," म्हणाले.

माझं डोकंच सरकलं. "काका, त्या मानसाचा आवाज गेला, अन् तुमाले अजून अवार्डाचीच पडली हाय?"

त्यांनी काउंटरवरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तू चिठ्ठी लिही."

मी लिहिली, पण मनापासून नाही. सिनेमाच्या कंपनीचा ईमेल शोधून पाठवून दिली. वाटलं होतं कोण उत्तर देतंय. पण तीन आठवड्यांनी त्या मुलीचं उत्तर आलं. तिने सगळं जपून ठेवलं होतं. त्या पहाटेचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग तिने जोडलं होतं आणि ज्या आजोबांचा खोकला असेल त्यांना नमस्कार सांगितला होता.

काका पहिल्या एसटीने आले. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर लावलं. आधी पाण्याचा आवाज, पाणकोंबड्या, कोणाची तरी बादली. आणि मग मोतीरामकाका. तोच खर्जातला, जरा कुरकुरणारा आवाज, दुकानात बसून बोलावं तसा. जावयाने मोहाडीच्या बाजारातून त्यांना चप्पल आणली होती आणि ती चावत होती. तीन मिनिटं ते चपलेवर बोलले. चामडं, अंगठा, शिलाई, काही सोडलं नाही. मग विचारलं, "जावयानं जानून लहान आनली का चुकून आनली, तुले काय वाट्टे?"

दोन क्षण शांतता. आणि खोकला. आधी लहान, मग मोठा.

"खोकू नको बे, सांग," मोतीरामकाका म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलू लागले.

आता शंकेला जागाच नव्हती. इतकी वर्षं गाव ज्यावरून भांडत होतं त्याचा निकाल खुद्द मोतीरामकाकांनीच देऊन ठेवला होता. "काका, जितले तुमी," मी म्हणालो.

त्यांनी हात वर केला. "थांब गा. मोतीराम बोलून राहिला ना."

अकरा मिनिटं संपेपर्यंत ते हलले नाहीत. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी विचारलं, एवढं होतं तर भेटायला का गेला नाहीत. "जाऊन बोलू काय?" ते म्हणाले. "बोलाचं काम त्याचं होतं."

जरा वेळाने त्यांनी विचारलं, यातलं 'खोकू नको बे, सांग' एवढंच काढून टाकता येईल का. बाकी एक अक्षर हलवायचं नाही. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते चार शब्द गेले, की प्रश्न विचारणारा आणि खोकणारा माणूस एकच होणार होता.

"पन मंग खोकला त्याचा होते ना, काका."

"होऊ दे," ते म्हणाले. "मले काय, अजून येतेच."

मला माझी फार लाज वाटली. या माणसाला मी पुरस्काराचा हावरट समजत होतो. दोन सेकंदांचं ते काम, पण मला अर्धा तास लागला.

त्याच दिवशी दुपारी आम्ही मोतीरामकाकांच्या अंगणात गेलो. ते बाजेवर बसले होते आणि काकू सुपात तांदूळ पाखडत होत्या. डोमाकाका आलेले बघून शेजारपाजार गोळा झालं. काका उभे राहिले, घसा साफ करावासा वाटला असेल तो त्यांनी केला नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पुण्याहून निकाल आला आहे. "नामिनेशन माया होता. अवार्ड मोतीरामचा."

मी मोबाइलवर लावलं. मोतीरामकाकांचा आवाज अंगणात आला आणि काकूंचं सूप थांबलं. चपलेचं ऐकून काकू पदर तोंडाला लावून हसल्या, मग हसता हसता रडायला लागल्या. मोतीरामकाकांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसले. खोकला येऊन गेला तेव्हा त्यांनी मान वर करून डोमाकाकांकडे बराच वेळ पाहिलं. मी कापलेलं त्यांच्या लक्षात आलं की काय, अशी मला भीती वाटली. पण त्यांनी फक्त बाजेवर थोडं सरकून जागा केली. डोमाकाका बसले.

आता दोघं पुन्हा पाळीवर एकाच जागी बसतात. बोलायचं काम डोमाकाकांकडे आलं आहे आणि ते त्यांना झेपत नाही. तुडमातून किती पाणी सोडलं, यापलीकडे त्यांची गाडी जात नाही. मोतीरामकाका पाटीवर लिहून विषय पुरवतात.

मागच्या महिन्यात साकोलीचे एक मास्तर मुद्दाम तो खोकला ऐकायला आले. मीच त्यांना पाळीवर घेऊन गेलो. मोतीरामकाकांनी मोठ्या मानाने नमस्कार घेतला, छातीवर हात ठेवून खोकला आपलाच असल्याचं दाखवलं आणि कोपराने डोमाकाकांना ढोसलं.

"खोकला याचा हाय," डोमाकाका मास्तरांना म्हणाले. "मी फक्त करून दाखवतो." आणि खोकले, आधी लहान, मग मोठा.

मोतीरामकाकांनी मान हलवली. जमलं नव्हतं. अंगठा आणि बोट जवळ आणून त्यांनी दाखवलं, पहिला याहून लहान पाहिजे. डोमाकाकांनी निमूटपणे पुन्हा करून दाखवला. तोही पसंत पडला नाही. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा कुठे मोतीरामकाकांनी मान डोलावली, आणि डोमाकाकांचा जीव भांड्यात पडला.